मीना नसलेला फोटो

रीत, तू गेल्याची बातमी इथल्या स्थानिक पेपरात आली. मथळा मराठीत सांगायचा तर असा: 'विमानवीराला दूध पाजणारी मुलगी गेली'. शेजारी तोच फोटो. मी ऑफिसला निघाले होते, सायकलची किल्ली हातात होती. मथळा वाचला आणि पेपर सरळ कागदाच्या डब्यात टाकला. मग परत काढला, कारण त्या फोटोत तू आहेस, आणि तुला कचऱ्यात कशी टाकणार? कात्री घेतली आणि तुझ्यापुरता तुकडा कापला. कितीही जपून कापलं तरी त्या माणसाच्या बुटाचं टोक तुझ्या ॲप्रनपाशी राहिलंच. ते नखाने खरवडलं. कागद तिथे फाटला. फाटू दे.

हे मी मराठीत लिहितेय. तुला यातलं एक अक्षर कळलं नसतं, पण डचमध्ये माझा राग व्याकरणात अडकतो. शब्दाआधी 'डे' हे उपपद लावायचं की 'हेट' याचा मी विचार करत असते, तोवर समोरचा माणूस कॉफी घेणार का म्हणून विचारतो. आणि तुला मी 'तू'च म्हणतेय. वयाने तू माझ्या आजीएवढी, पण पहिल्याच आठवड्यात मी तुला डचमधलं अदबीचं संबोधन वापरलं तर तू फणकारलीस, "मी काय नगराध्यक्ष आहे?" सुजाताची तू सुयाता केलीस, कारण तुमच्याकडे 'ज'चा 'य' होतो. मी तुला सांगितलं होतं, आमच्या भाषेत रीत म्हणजे चालरीत, पद्धत. तू म्हणालीस, "मग माझं नाव चुकलं. मला कसलीच रीत नाही."

नायमेखनच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली आणि शहरात घर मिळेना, म्हणून आम्ही नदीच्या बांधामागच्या या गावात आलो. माझा नवरा प्रशांत रोज गाडीने ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइकला जायचा, आमची मुलगी मित्रा शाळेत, आणि भिंतीपलीकडे तू. तुझ्या बागेत सिरॅमिकच्या दोन बदकांच्या मधोमध बुद्धाचं नुसतं डोकं ठेवलेलं होतं. गार्डन सेंटरमधून आणलेलं, शेवाळलेलं. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचे आणि गप्प बसायचे. एक दिवस राहवलं नाही.

"रीत, तो आमच्या घरातला माणूस आहे. त्याचं डोकं असं कापून बदकांत ठेवलेलं मला बघवत नाही."

तू जरा वेळ त्या डोक्याकडे पाहिलंस आणि अगदी मनापासून विचारलंस, "मग धड कुठे मिळेल?"

दुसऱ्या दिवशी तू त्याला दात घासायच्या ब्रशने घासून काढलंस आणि आपल्या खिडकीत ठेवलंस. "धड मिळालं नाही," म्हणालीस, "पण आता निदान रस्ता दिसेल त्याला." त्या दिवसापासून तू माझी झालीस. आमच्याकडे आलीस तेव्हा भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघून तू विचारलंस, हे कोण? मी म्हटलं, ज्यांना कोणी माणसांत मोजत नव्हतं त्यांना यांनी मोजायला लावलं, त्यांत माझे आजोबा होते.  जाताना तू पुन्हा एकदा त्या फोटोसमोर उभी राहिलीस. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारं माणूस, चष्मा नसेल लावलेला. आता वाटतं, तू तेव्हा तुझ्या बहिणीचा, मीनाचा विचार करत होतीस.

इथे बुधवारी शाळा दुपारीच सुटते. बुधवारची मित्रा तुझी असायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं, आणि त्या डचमध्ये तुझ्या गावठी हेलाचे शब्द मिसळायला लागले तेव्हा तिच्या बाई हसल्या होत्या. त्या बुधवारी मी तिला न्यायला आले तर ती बागेत तुझ्या कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि तू टेबलापाशी बसली होतीस. तुझ्या हाताखाली एक पत्रक पालथं पडलेलं होतं. ते सकाळी सगळ्यांच्याच घरी येऊन पडलं होतं. आपल्या गावात एक हौशी मंडळ आहे, युद्धात पडलेल्या विमानांचे तुकडे शोधणारं. त्या मंडळाने सायकलच्या वाटेवर एक माहितीफलक उभा केला होता, त्याच्या अनावरणाचं आमंत्रण होतं.

"मित्राने मला ओळखलं," तू म्हणालीस. "म्हणाली, हे तुझेच कान आहेत."

मी पत्रक उलटं केलं. गवतात पोटावर लोळलेलं दोन इंजिनांचं विमान, पंख्यांची पाती मागे वाकलेली. पंखावर एक तरुण वैमानिक बसलेला, कपाळाला पट्टी, हसतोय, हातात दूध. त्याच्यासमोर लाकडी जोड्यांतली, ॲप्रन घातलेली एक लहान मुलगी. खाली ओळ: 'मरणाच्या दारातून परतलेल्या वैमानिकाचं ताज्या दुधाने स्वागत!' पुढे उद्गारचिन्ह. त्या उद्गारचिन्हाची शिसारी मला अजून येते.

मी हसून काहीतरी विचारणार होते. तुझा चेहरा पाहिला आणि बसले.

तू सांगितलंस ते मी तुझ्या शब्दांत इथे ठेवतेय, कारण दुसऱ्या कोणी ठेवलेलं नाही.

"उन्हाळ्यात गाई रात्रंदिवस कुरणातच असायच्या. धार काढायला आपणच तिकडे जायचं. मीना एकोणीस वर्षांची होती, मी आठ. ती धार काढायची, मी कॅनची गाडी धरून फाटकाशी उभी राहायची. नुकतं उजाडत होतं."

रात्री इंग्रजांची बॉम्बफेकी विमानं तुमच्या डोक्यावरून जर्मनीकडे जायची आणि परतायची. त्यांना अंधारात गाठून पाडायला आर्नहेमच्या पलीकडच्या तळावरून जर्मनांची ही शिकारी विमानं उठायची. त्या रात्री या माणसाने एक पाडलं होतं. दुसऱ्याच्या मागे लागला तेव्हा त्याच्या शेपटीतल्या तोफवाल्याने याचं एक इंजिन फोडलं. दुसरं इंजिन तुमच्या बांधापर्यंत चाललं आणि बंद पडलं. याला खाली सपाट कुरण दिसलं. चाकं न उघडता त्याने ते धूड तिथे टेकवलं. ही सगळी माहिती फलकावर आहे. कोणत्या जातीचं इंजिन, किती तोफा, नाकावर शिंगांसारखी कसली अँटेना.

"तुला वाटेल केवढा आवाज झाला असेल," तू म्हणालीस. "आवाज नव्हताच. शिट्टीसारखं काहीतरी, मग जमीन हलली. मीना स्टुलावर बसली होती, डोकं गाईच्या कुशीला टेकवून. तिची पाठ होती त्याच्याकडे. पंख आला आणि गाय नव्हती. स्टूल नव्हतं."

पुढे तू थोडा वेळ पत्रकाची कड सरळ करत राहिलीस.

वैमानिक आणि त्याचे दोन साथीदार चालत बाहेर आले. तुझे वडील घरातून धावत आले, तोवर रस्त्यावरून जर्मन सैनिकांची गाडी पोचली होती. सैनिकांनी सगळ्यांत आधी काय केलं? ताडपत्री काढली आणि विमानाच्या नाकावर टाकली. ती शिंगं कोणाला दिसू नयेत म्हणून. ते गुपित होतं. तुझ्या वडिलांनी हात जोडून ताडपत्री मागितली, मुलीवर घालायला. सैनिकाने बंदूक आडवी धरून त्यांना मागे ढकललं. शेवटी त्यांनी अंगातला सदरा काढला. सदरा पुरला नाही.

फोटोत डाव्या हाताला ती ताडपत्री दिसते, रीत. आधी मला तो विमानाचाच भाग वाटला होता.

"मग पंखावर बसलेल्याने कॅनकडे बोट दाखवलं," तू म्हणालीस. "मीनाने काढलेलं दूध. मी झाकणात ओतून दिलं. तो ते सगळं प्यायला. माझ्या डोक्यावर थोपटलं. कोणीतरी फोटो काढला."

बाहेर मित्रा कोंबडीला काहीतरी समजावत होती. मी तुझा हात धरला तर तू तो हळूच सोडवून घेतलास, त्याच हाताने पत्रक पुन्हा पालथं घातलंस आणि म्हणालीस, "चहा करते." इतक्या वर्षांत तू हे कोणालाच सांगितलं नव्हतंस, आपल्या माणसांनाही नाही. घरात एवढंच बोललं जायचं: मीना युद्धात गेली.

अनावरणाला जाऊ नकोस असं मी म्हटलं. तू गेलीस. चांगला निळा कोट घातलास, ओठांना लाली लावलीस, आणि मला म्हणालीस, तू बरोबर चल, माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही.

त्या दुपारची मला लिहितानाही किळस येते. ऊन होतं. छोट्या गोल पॅनकेकची गाडी लागली होती, पिठीसाखर उडत होती. साठीची माणसं जुन्या धर्तीची चामडी जाकिटं घालून घामाघूम होऊन मिरवत होती. लहान मुलांना त्याच विमानाची चिकटवायची मॉडेलं मिळत होती. एका टेबलावर किल्ल्यांना लावायच्या साखळ्या होत्या, प्रत्येकीला ॲल्युमिनियमचा एक चुरगळलेला तुकडा. त्या कुरणातून खणून काढलेला, खरा, असं तिथला माणूस अभिमानाने सांगत होता. तू एक उचललीस.

"विमानाचा कुठला भाग हा?" तू विचारलंस.

"बहुतेक पंखाचा, बाई," तो खुशीत म्हणाला.

तू ती साखळी टेबलावर इतक्या हळू ठेवलीस, जणू ती गरम होती. मग कोटाच्या खिशातला रुमाल काढून बोटं पुसलीस, एकेक करून.

मंडळाचे अध्यक्ष तुला शोधत आले. पत्रकातली मुलगी जिवंत आहे आणि इथेच राहते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि माणसाला खजिना सापडल्यावर होतो तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता. त्यांच्या मागे एक तरुण वैमानिकाचा पोशाख घालून उभा होता, कपाळाला पट्टीसुद्धा. अध्यक्षांच्या हातात दुधाचा ग्लास.

"फक्त एक फोटो," ते म्हणाले. "तुम्ही ग्लास पुढे करायचा, हा घेईल. तेव्हा आणि आता. किती सुंदर होईल!"

मी मधे पडले. माझ्या तोंडून डच, इंग्रजी, मराठी सगळं एकदम आलं असावं. तू माझ्या कोपरावर हात ठेवून मला थांबवलंस आणि ग्लास घेतलास. मला वाटलं, आता तू तो फेकणार. माझी मनोमन तीच इच्छा होती. तू फक्त दुसऱ्या हाताने कुरणाकडे दाखवलंस आणि म्हणालीस, "माझी बहीण तिथे मेली. या विमानाखाली."

अध्यक्ष खाली वाकले. "काय म्हणालात?"

"माझी बहीण. मीना. ती धार काढत होती."

त्यांच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. माणसं बघत होती. ते सरळ झाले, चेहरा गंभीर केला आणि माइकमधून म्हणाले, "खरंय. त्या काळात सगळ्याच बाजूंनी काही ना काही गमावलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, रीत!  तू ग्लास फलकाच्या चौकटीवर ठेवलास आणि मला म्हणालीस, "घरी चल." वळताना मी पाहिलं. पोशाखातल्या त्या पोराने ग्लास उचलला आणि दूध पिऊन टाकलं. ऊन होतं, तहान लागली असेल.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, आपण खेमेन्तेला लिहू, नगरपालिका म्हणून त्यांची काही जबाबदारी आहे. पेपरात लिहू. तू बटाटे सोलत म्हणायचीस, नको.

"का नको? हे खोटं आहे."

"खोटं काय आहे? मी त्याला दूध दिलं. फोटोत दिसतंय."

"तू आठ वर्षांची होतीस, रीत!"

"आठव्या वर्षी हातातलं झाकण सोडता येतं. मी एक थेंबही सांडू दिला नाही. आईने शिकवलं होतं, दूध सांडायचं नाही."

मी तुझ्याशी किती वेळा हेच बोलले असेन. प्रत्येक वेळी मी जिंकायला यायचे आणि प्रत्येक वेळी तू बटाटे सोलून संपवायचीस. मी चिडून म्हणायचे, किळस यायची तर त्या माणसाची यावी, स्वतःची कसली? एकदा तू म्हणालीस, "तू नशीबवान आहेस, सुयाता. तुझ्याकडे किळस बाहेर जाते."   मला आठवलं, की माझ्या आजोबांना लांबून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे, आणि ते सांगताना आजोबांचीच मान खाली जायची. ओतणाऱ्याची कधी गेली असेल असं वाटत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं. तुला ते नक्की कळलं असतं. भांडणाच्या घाईत राहून गेलं.

आणि मी तुला आणखी एक सांगत राहिले, तुझी समजूत काढायला म्हणून. मी म्हणायचे, अगं, त्याला माहीत नसेल. तो पंखाच्या या बाजूला, मीना त्या बाजूला. डोक्याला मार लागलेला. त्याला वाटलं असेल, फक्त गाय मेली. तू ऐकून घ्यायचीस. ना हो म्हणायचीस, ना नाही.

नायमेखनच्या हॉस्पिटलात तुला शेवटी ठेवलं तेव्हा खिडकीतून पार्किंग आणि एक उंच झाड एवढंच दिसायचं. मी ऑफिसातून थेट यायचे. त्या दुपारी तू बऱ्यापैकी सावध होतीस, सूप आवडलं नाही म्हणून नर्सशी वाद घालून झाला होता. मधेच, काहीही विषय नसताना, तू म्हणालीस, "त्याने विचारलं होतं."

"कोणी?"

"त्याने. पंखावरून. इथे सीमेजवळ आम्हाला जर्मन समजायचं. त्याने विचारलं, ती पलीकडची तुझी बहीण का? मी म्हटलं, हो. मग त्याने कॅनकडे बोट दाखवलं."

 तू माझ्याकडे बघून जवळजवळ हसलीस.

"तू इतकी मनापासून सांगायचीस, त्याला माहीत नसेल म्हणून," तू म्हणालीस. "मला तुझं वाईट वाटायचं."

म्हणजे त्या सगळ्या महिन्यांत समजूत तू माझी काढत होतीस. मी त्या वैमानिकाला माणुसकीची जी एक फट ठेवत होते ती तू, तिथे उभी असलेली, बुजवत नव्हतीस, माझ्यासाठी. रीत, यासाठी तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, आणि त्याच वेळी तुझा रागही येतो. आधी सांगायला हवं होतंस. मी त्या माणसासाठी वापरलेला एकेक शब्द परत घेतला असता.

तुला मीनाच्याच कबरीत ठेवलं. तुमच्याकडे कबरीची मुदत संपली की जागा मोकळी करतात, हे मला माहीत नव्हतं. तू आयुष्यभर दर वेळी ती मुदत वाढवून घेत आली होतीस, स्वतःसाठी वरची जागा राखून. दगडावर तिचं नाव आहे, तारखा आहेत. कशाने गेली ते नाही.

नंतर चर्चशेजारच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक. अध्यक्ष आले होते. चांगला सूट, आणि हातात पुष्पचक्र. त्याच्या पांढऱ्या फितीवर सोनेरी अक्षरं: 'आमच्या दूधवाल्या मुलीस, कृतज्ञतेने'. त्यांनी ते तुझ्या फोटोशेजारी ठेवलं, दोन पावलं मागे जाऊन कसं दिसतं ते पाहिलं आणि मग केक घ्यायला गेले. मी जाऊन ती फीत सोडवली. सगळ्यांसमोर. गाठ घट्ट होती, वेळ लागला.  इथे लोक काही म्हणत नाहीत, नुसते कॉफी ढवळतात.

तुझा पुतण्या खेरिट माझ्याजवळ आला. युद्धानंतर जन्मलेल्या तुझ्या धाकट्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा, हात फावड्यासारखे. तेच कुरण आता तो कसतो.

"काय झालं?" त्याने विचारलं. "तुम्ही फीत का काढली?"

मी फीत मुठीत धरून त्याला सगळं सांगितलं. पंख, स्टूल, ताडपत्री, सदरा, झाकण. माझं डच वाईट आहे. मधे दोनदा शब्द अडला, तेव्हा मित्राने तो मला सांगितला. खेरिटने हातातली बशी खिडकीवर ठेवली.

"माझ्या आजोबांचा सदरा?" त्याने एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रॅक्टर आणला. फलक त्याच्या जमिनीच्या कडेला होता, मंडळाला उभा करायची परवानगी त्यानेच दिली होती, विमानाची गंमत म्हणून. ट्रॅक्टरच्या पुढच्या फावड्याने त्याने तो सिमेंटसकट उपसला आणि गोठ्यामागे शेणाच्या ढिगाशेजारी आडवा टाकला. मी आणि मित्रा तिथे होतो. मित्राने टाळी वाजवली. मीही वाजवली असती, पण रडत होते.

रीत, हे इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. मंडळाने पोलिसांची भाषा केली, मग फलक परत नेला, धुतला आणि वाटेच्या दुसऱ्या बाजूला, खेमेन्तेच्या जागेत, पुन्हा उभा केला. मी खेमेन्तेत गेले. काउंटरवरची मुलगी अतिशय गोड होती. म्हणाली, जागा आमची आहे, मजकूर मंडळाचा. मंडळाला मेल लिहिला. अध्यक्षांनी लगेच उत्तर दिलं, अगदी सभ्य. या कहाणीला तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही, आणि कबरीवरही कारण लिहिलेलं नाही. तरी सद्भावना म्हणून ते एक ओळ वाढवायला तयार आहेत: 'या घटनेत एका स्थानिक तरुणीचाही दुर्दैवी अंत झाला.' मी विचारलं, नाव का नाही? त्यांनी कळवलं, नाव आणि वय घालायचं तर जागा पुरणार नाही, विमानाची तांत्रिक माहिती कमी करावी लागेल, आणि लोक मुख्यतः ती वाचायला थांबतात.

एका तरुणीचाही. त्या 'ही'वर मी किती वेळ बसले असेन. आधी इंजिन, मग तोफा, मग शिंगं, मग वीर, मग त्याच्या कपाळावरची पट्टी, आणि मग तीही. मी ती ओळ नाकारली. प्रशांत म्हणाला, "अगं, काहीच नसण्यापेक्षा ती ओळ बरी नाही का?" तो चांगला माणूस आहे, आणि त्याचं कदाचित बरोबरही असेल. खेरिट माझ्या बाजूने आहे. तू कोणत्या बाजूने असतीस ते मला माहीत नाही. तू म्हणाली असतीस, बटाटे आणलेस का.

आता मी वकिलाशी बोलतेय, खेरिट चर्चच्या जुन्या नोंदी बघायला जाणार आहे. होईल ते होईल.

तुझ्याकडून मीनाबद्दल फार थोडं ऐकलं, कारण मी विचारलंच नाही. मी सारखी त्या माणसाबद्दल बोलत राहिले. त्याची किळस करण्यात इतकी गुंतले की ती दिसायला कशी होती हेही विचारायचं राहिलं. एकदाच तू आपणहून म्हणाली होतीस, ती धार काढताना गाईला पेपरातल्या बातम्या सांगायची, अगदी गंभीरपणे, आणि बातमी वाईट असेल तर बदलून सांगायची. हे ऐकून मी तुला सांगितलं होतं, आमच्याकडे मीना नाव घरोघरी असतं, माझी मोठी मावशी मीना. तू किती हसली होतीस! "भारतातही?" असं विचारत राहिलीस, जणू तिला तिकडे कोणीतरी पाहिलं असावं.

गेल्या शनिवारी भाजी घेऊन परतत होते. फलकापाशी एक माणूस सायकल थांबवून वाचत होता, बरोबर दहाबारा वर्षांची मुलगी. बाहेरगावची असावीत, सायकलींना सामानाच्या पिशव्या होत्या. मुलगी फोटोवर बोट ठेवून बापाला काहीतरी दाखवत होती. मी पुढे गेले, मग ब्रेक लावला आणि परत फिरले. का फिरले ते सांगता येणार नाही. म्हटलं, माफ करा, या फोटोबद्दल तुम्हाला काही सांगू का? तो माणूस जरा संकोचला. इथे अनोळखी माणसाशी असं कोणी बोलत नाही. तरी उभा राहिला.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वैमानिकाने काय विचारलं होतं तेही. 'डे' आणि 'हेट' चुकत होते, चुकू दिले. मुलगी आधी फलकाकडे बघत होती, मग कुरणाकडे बघायला लागली. तिथे खेरिटच्या गाई बसल्या होत्या. बापाने डोक्यावरची टोपी काढली. पुन्हा एकदा फलक वरपासून खालपर्यंत वाचला, नीट, प्रत्येक ओळ.

"पण हे इथे लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "तिचं नाव मीना होतं."